किरणचं झाड

भामरे सर दगड चाटायचे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण सुरतच्या लिंबायतमध्ये आजही कुणापाशी त्यांचं नाव काढलं की समोरचा विचारतो, "ते दगड चाटणारे का?" तीसेक वर्षं ज्या माणसानं इथल्या पोरांना विज्ञान शिकवलं, त्याची एवढीच ओळख शिल्लक राहावी याचं मला वाईट वाटतं. पण चाटायचे हे खरं आहे.

त्याला कारणही होतं. दगड ओला झाला की त्याच्यावरच्या रेघा उठून दिसतात, आणि रस्त्यात पाणी कुठून आणायचं? शिवाय जुन्या हाडाचा दगड जिभेला चिकटतो, लाकडाचा चिकटत नाही, असं ते सांगायचे. सांगताना जीभ बाहेरच असायची, त्यामुळे समोरचा ऐकण्याऐवजी बघत बसायचा.

आमच्या मराठी शाळेत मी मराठी शिकवायची आणि सर विज्ञान. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी. मूळचे ते शिंदखेड्याकडचे. वडील लूमवर कामाला म्हणून लहानपणीच सुरतला आले, भूगर्भशास्त्रात पदवी घेतली, पुढे शिकायचं राहिलं आणि शाळेत लागले. चालताना मान कायम खाली. उड्डाणपुलांसाठी रस्ते खणायला लागले तेव्हा सगळं सुरत वैतागलं होतं. सर मात्र रोज लवकर निघून खड्ड्यांच्या कडेकडेनं शाळेत यायचे. दगडांनी शर्टाचे खिसे ओघळून फाटायचे, म्हणून कुसुमवहिनींनी त्यांच्या प्रत्येक शर्टाला आतून जाड कॅनव्हासचा खिसा शिवला होता. "नवरा आहे का गोणी, काही समजत नाही," असं त्या म्हणायच्या आणि नवा शर्ट आला की पुन्हा कॅनव्हास कापायला बसायच्या.

कॅमेऱ्याचे मोबाइल आल्यावर लोक त्यांना दगडांचे फोटो पाठवायला लागले. कुणाला शेतात सापडलेला, कुणाला ट्रिपला. सर फोन लांब धरून बघायचे आणि सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे, "फोटोला चव नसते. दगड घेऊन या."

त्यांचा सगळ्यात लाडका धडा पुस्तकात नव्हताच. दरवर्षी थंडीच्या दिवसात, पोंक, म्हणजे ज्वारीचा हुरडा, यायला लागला की, ते एक कापडी पिशवी वर्गात आणायचे आणि टेबलावर दगड मांडायचे. एक भरूचकडचा अकीक, गोल गोल पट्ट्यांचा. एक पट्ट्यापट्ट्यांचा वालुकाश्म, म्हणजे वाळूचा झालेला दगड. एक तडकेश्वरकडचा चुनखडक, त्यात नाण्यांसारखे चपटे जीव दगड होऊन बसलेले. एक प्रवाळाचा तुकडा, जवळून पाहिलं तर चांदण्याच चांदण्या. आणि शेवटी रुमालात गुंडाळलेला, तळहाताएवढा, तपकिरी तुकडा. हे दगड झालेलं लाकूड. कच्छमधलं. त्यांच्या कॉलेजच्या प्राध्यापकांनी निरोपाच्या वेळी दिलेलं.

"यातलं झाड कोणतं?" सर विचारायचे.

पोरं हमखास अकीक उचलायची. गोल पट्टे दिसले की सगळ्यांना झाडाची वर्तुळं आठवतात. सर 'चूक' असं कधी म्हणायचे नाहीत. हा त्यांचा नियमच होता. पोरगं कितीही चुकलं तरी ते म्हणायचे, "पुन्हा बघ." आणि मग सुताराकडून आणलेला बाभळीचा चौकोनी ठोकळा त्या तपकिरी तुकड्याशेजारी ठेवायचे.

समजावण्याची त्यांची रीत मला फार आवडायची. आमच्या शाळेतली निम्मी पोरं लूमवाल्यांची, निम्म्यांच्या घरात साड्यांना टिकल्या लावायचं काम. सर म्हणायचे, "साडी हातात घेतली की छापील किनार आणि विणलेली किनार कशी ओळखता?"

"उलटी करून, सर!"

"हां. छापील असेल तर रंग नुसता वरून बसलेला. विणलेली असेल तर ताणा वेगळा दिसतो, बाणा वेगळा दिसतो. झाड विणलेलं असतं. डोक्यावरून बघितलं तर वर्तुळं, आणि त्यांना छेदून मधून बाहेर जाणाऱ्या बारीक रेघा. एका अंगानं बघितलं तर सरळ उभे धागे. दुसऱ्या अंगानं बघितलं तर कमानी. तीन बाजूंना तीन नक्षी. दगड झालं तरी ती वीण राहते. आणि हा वालुकाश्म बघा. लोखंडाचं पाणी आत मुरलं आणि पट्टे उमटले. तिन्ही बाजूंनी सारखेच. बोट फिरवा, वाळू लागते. हा छापील."

मग भिंग फिरायचं. लाकडाच्या टोकावरची टाचणीच्या अग्राएवढी छिद्रं दिसली की एकेक पोरगं 'आई शप्पथ' म्हणायचं. कधीकाळी त्यातून झाड पाणी प्यायचं, असं सर सांगायचे. मी माझा तास सोडून मागच्या बाकावर जाऊन बसायची.

दगडाच्या बाबतीत त्यांना खोटं बोलता यायचं नाही, हे मी एकदा डोळ्यांनी पाहिलं. एका विद्यार्थिनीचे काका इच्छापोरला फरशीच्या दगडांच्या गोदामात मॅनेजर होते. त्यांच्या शेठनं परदेशातून टेबलाचे पाट मागवले होते, दगडी लाकडाचे. शेठला कुणीतरी जाणकाराचा शब्द हवा होता, म्हणून सरांना गाडी पाठवली. सरांनी मलाही ओढून नेलं, कारण एसी गाडीत एकट्याला त्यांना कोंडल्यासारखं व्हायचं. गोदामात शेठ, त्यांचा मुलगा, दोन गिऱ्हाइकं, सगळे उभे. सर पहिल्या पाटाभोवती फिरले, वाकले, आणि सगळ्यांदेखत त्यांनी पाटाची कडा चाटली. शेठच्या मुलानं तोंड फिरवलं.

"हे झाड आहे," सर म्हणाले आणि त्यांनी त्या पाटाला हात जोडले. मग पुढच्या दोन पाटांकडे वळून म्हणाले, "हे दोन झाड नाहीत. दगड चांगले आहेत, पण झाड नाहीत."

शेठ हसत हसत म्हणाले, "साहेब, घराकने शू खबर पडे? दिखते तो सरखेच ना?"

"गिऱ्हाइकाला नाही कळणार," सर म्हणाले, "पण तुम्ही मला विचारलंत."

परत येताना गाडी मिळाली नाही. आम्ही रिक्षानं आलो. सर रस्ताभर त्या पहिल्या पाटाबद्दल बोलत होते.

आता किरणबद्दल सांगते.

किरण देसले सरांचा विद्यार्थी. अभ्यासात यथातथा, पण दगडांच्या धड्याला जीव टाकणारा. दहावीनंतर शिकला नाही. ट्रकवर क्लीनर म्हणून लागला, मग ड्रायव्हर झाला. त्याचे वडील रघुनाथआण्णा लूमच्या कारखान्यात मास्तर, म्हणजे मुकादम होते, सगळ्या खानदेशी लोकांत मान असलेला माणूस. सर आणि आण्णा भेटले की अहिराणीतच बोलायचे.

एके दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकासमोर ट्रक उभा राहिला. किरण खाली उडी मारून ओरडला, "सर, जल्दी बाहेर या! तुमच्यासाठी झाड आणलंय!"

कच्छहून येताना त्यानं रस्त्याकडेच्या एका माळावर तो धोंडा पाहिला होता. चांगला माणसाच्या मांडीएवढा जाड, ओंडक्यासारखा गोल, अंगावर तांबडे-पिवळे पट्टे. एकट्यानं लोटत लोटत, फळी लावून ट्रकमध्ये चढवला होता. हाताची सालं निघाली होती. मी सरांबरोबर फाटकापर्यंत गेले होते, म्हणून हे सगळं मला माहीत आहे.

सर ट्रकवर चढले. बराच वेळ खाली आले नाहीत. मग किरणच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "किरण, झाड नाही रे हे. छापील आहे. पण दगड झकास आहे."

किरणचा चेहरा क्षणभर पडला. मग तो हसला. "मी पण ना, तिसरी बाजू बघितलीच नाही. घाई होती, सर. पुढच्या खेपेला खरं आणतो."

धोंडा तो घरी घेऊन गेला. दारापाशी पडला. त्याची आई त्यावर मिरच्या वाळत घालायची.

पुढची खेप झाली नाही. हायवेवर त्याच्या ट्रकला अपघात झाला आणि किरण गेला. लग्न ठरत आलं होतं त्याचं.

आण्णांनी त्यानंतर बरेच दिवस सगळ्यांशी बोलणं टाकलं होतं. नंतर एक दिवस ते समाजाच्या वाडीत, म्हणजे आमच्या लोकांच्या लग्नाच्या हॉलवर गेले आणि म्हणाले, मला माझ्या पोराच्या नावानं काहीतरी ठेवायचंय. अंगणात विटांचा चौथरा बांधला. त्यावर तो धोंडा उभा बसवला. खाली संगमरवरी पाटी: 'दगड झालेलं झाड. कै. किरण रघुनाथ देसले याच्या स्मरणार्थ.' सरांनी त्या दगडाला काय म्हटलं होतं, ते किरणनं घरी सांगितलंच नव्हतं. आण्णांना एवढंच माहीत होतं की पोरानं सरांसाठी झाड आणलं होतं.

पाटीचं उद्घाटन होतं त्या सकाळी सगळा समाज जमला होता. किरणची आई बायकांच्या घोळक्यात खाली मान घालून बसली होती. आण्णांनी हार घातला आणि माईक सरांच्या हातात दिला.

"सर, तुम्हीच सांगा मंडळीले," ते म्हणाले. "मना किरणनी काय आनं ते सांगा."

सर माईक धरून उभे राहिले. इच्छापोरच्या गोदामातला माणूस मी पाहिला होता ना. मला वाटलं, हे आता सांगणार.

सर म्हणाले, "हे झाड आहे."

मग ते बोलत गेले. कच्छमध्ये कधीकाळी किती जंगल होतं, झाडं पडली, गाळात पुरली, कणाकणानं दगड झाली. सगळं खरं होतं. फक्त समोरच्या दगडाबद्दल नव्हतं. आण्णा हात जोडून ऐकत होते. किरणच्या आईनं पहिल्यांदा मान वर केली.

आम्ही दोघं बरोबरच घरी निघालो. मग सर म्हणाले, "ताई, मी त्या माणसाच्या तोंडाकडं बघितलं. दगडाकडं बघितलंच नाही."

मी म्हणाले, "बरं केलंत." मला खरोखरच तसं वाटलं होतं. आजही त्या दिवसापुरतं तसंच वाटतं.

पण गोष्ट तिथं थांबली नाही. आण्णांना वाटायला लागलं की शाळेच्या पोरांनी हे झाड बघितलं पाहिजे. दरवर्षी थंडीत ते शाळेत यायचे. "सर, कधी आनी ऱ्हायनात पोरेसले?" पोरांना कधी आणताय. नाही कसं म्हणणार? सर वर्ग घेऊन जायचे. आण्णा स्वतः लिंबू सरबत करून ठेवायचे, हातानं प्रत्येकाला द्यायचे आणि किरणच्या गोष्टी सांगायचे. सर पोरांना चौथऱ्यापासून लांब, ओळीत उभे करायचे. भिंगाची पेटी शाळेतच ठेवून यायचे. आणि त्यांनी धड्याचा क्रम बदलला. पिशवीतले दगड वाडीच्या भेटीनंतर दाखवायचे, आधी नाही. मला हे दिसत होतं. हळूहळू धडाही आखडत चालला होता. तीन बाजूंचं सांगायचं, पण घाईघाईनं.

वैशाली सोनवणे सरांच्या वर्गात आली तेव्हा मी तिला आधीपासून ओळखत होते. वडील उधन्याला रेल्वेत गँगमन. पोरगी अबोल, पण एकदा डोळा लावला की काही सुटायचं नाही. माझ्या निबंधाच्या वहीतल्या माझ्याच लाल शाईतली ऱ्हस्वदीर्घाची चूक तिनं मला दाखवली होती. तिच्या थोरल्या भावानं आधी सरांचा धडा ऐकलेला, त्यानं घरी तिला सगळं शिकवलं होतं. छापील, विणलेलं, सगळं.

वाडीत पोरं सरबत पीत होती. मुलींबरोबर मी होते. आण्णा रिकामे ग्लास ताटात गोळा करत होते. वैशाली कधी ओळ सोडून चौथऱ्यामागे गेली, कळलंच नाही. भिंतीकडच्या बाजूला ती गुडघ्यावर बसली होती. उठली, हात झटकले आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "सर, हे छापील आहे."

आण्णा हातातलं ताट घेऊन तिथंच उभे होते.

"नाही, वैशाली," सर म्हणाले. "ये इकडं."

"मी तिन्ही बाजूंनी बघितलं, सर. सारखेच पट्टे आहेत. आणि हाताला वाळू लागतेय." तिनं हात पुढे केला. बोटांवर तांबडी पूड होती.

आण्णांनी विचारलं, "काय म्हनस ती पोर?"

सरांचा चेहरा मी विसरलेली नाही. ते एकदा आण्णांकडे बघत होते, एकदा तिच्या बोटांकडे. मग म्हणाले, "तुझी चूक होतेय. तुला कळलेलं नाही. जा, ओळीत उभी राहा."

तो शब्द त्यांच्या तोंडून वर्गानं पहिल्यांदा ऐकला. पोरं हसली. कुणीतरी 'छापील, छापील' असं चिडवलं. वैशालीनं हात फ्रॉकला पुसला आणि ओळीत जाऊन उभी राहिली. रडली वगैरे नाही.

वार्षिक परीक्षेत सरांनी प्रश्न घातला होता, दरवर्षी घालायचे: दगड झालेलं लाकूड कसं ओळखाल? पेपर तपासताना ते माझ्या शेजारीच बसले होते. एका पेपराशी थांबले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी वाकून बघितलं. वैशालीचा पेपर. बाकी सगळी उत्तरं लांबलचक, सुंदर अक्षरात. त्या प्रश्नाखाली एकच ओळ: 'सरांना विचारून.'

सर उठून व्हरांड्यात गेले. परत आले तेव्हा त्यांनी त्या उत्तरासमोर काहीच लिहिलं नाही. मार्क नाही, शून्यही नाही.

त्यानंतर ती पिशवी शाळेत आली नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "अभ्यासक्रमात नाही ना ते, ताई." वाडीची भेटही बंद झाली, गुडघे दुखतात असं त्यांनी आण्णांना सांगितलं. वैशालीनं दहावीनंतर विज्ञान घेतलं नाही. तिला किती मार्क होते ते मला माहीत आहे, म्हणून मी तिच्या घरी गेले होते. तिची आई म्हणाली, "तीच नको म्हणते मॅडम. म्हणते, मला त्यातलं कळत नाही."

हे मी सरांना सांगितलं. सांगायला नको होतं की सांगायलाच हवं होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

वर्षं गेली. मराठी वर्गात पोरं यायची थांबली. आईबाप गुजराती नाहीतर इंग्रजी माध्यमात घालायला लागले. वर्ग एकत्र झाले, मग बंद. सर निवृत्त झाले, मीही झाले. कुसुमवहिनी गेल्या. त्यांच्यामागे सरांच्या शर्टाचे खिसे पुन्हा फाटके दिसायला लागले. आणि एक दिवस सर माझ्या दारात आले. बसलेही नाहीत.

"वैशाली कतारगामला आहे. हिऱ्याच्या कारखान्यात," ते म्हणाले. "मला तिच्याकडं जायचंय. एकट्यानं जायला बरं दिसत नाही. याल का?"

आम्ही गेलो. दुपारची सुट्टी होती. कारखान्याच्या खाली चहाच्या लारीपाशी, म्हणजे हातगाडीपाशी, आम्ही उभे राहिलो आणि ती जिन्यानं खाली आली. अंगानं भरली होती, गळ्यात मंगळसूत्र, कपाळावर भिंगाचा वळ. हिरे निवडायचं काम करायची, कुठला स्वच्छ, कुठल्यात डाग. तिनं सरांना वाकून नमस्कार केला, आमच्यासाठी चहा सांगितला. सरांनी ग्लास हातात घेतला, पण प्याले नाहीत.

"वैशाली," ते म्हणाले, "त्या दिवशी वाडीत तू बरोबर होतीस. तो दगड झाड नाही. मला आधीपासून माहीत होतं. मी खोटं बोललो."

लारीवाल्याच्या स्टोव्हच्या पंपाचा आवाज येत होता.

"आण्णा उभे होते," सर म्हणाले. "मला दुसरं काही सुचलं नाही."

"आण्णा उभे होते ते मी पण बघितलं होतं सर," ती म्हणाली. "नंतर माझ्या लक्षात आलं ते. मोठी झाल्यावर. पण तोपर्यंत..." तिनं कपाळावरचा वळ चोळला. "इथं माझ्याबरोबरच्या मुली आता शेवटचा शब्द देतात. माल त्यांच्या सहीनं जातो. मी अजून प्रत्येक हिरा शेजारणीला दाखवते. मला दिसतं, पण वाटतं, नसेल. आपली चूक होत असेल."

सरांनी चहाचा ग्लास लारीवर ठेवला.

"मी आता सांगायला आलोय," सर म्हणाले.

"हे तुम्ही वर्गात सांगायला हवं होतं, सर," वैशाली म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. एखादा हिरा उचलून बाजूला ठेवावा तसं तिनं ते सांगितलं. मग घंटा झाली आणि ती वर गेली.

बसमध्ये सर खिडकीशी बसले होते. उधना दरवाजा आल्यावर म्हणाले, "वर्ग कुठाय आता, ताई?"

पण त्यांनी तो वर्ग शोधायला घेतला. खरंच. त्या वर्गातला जो भेटेल त्याला ते थांबवून सांगायला लागले. कुणी रिक्षा चालवत होता, कुणी इच्छापोरला कंत्राटावर, कुणी डाइंग मिलमध्ये. एकदा मी बरोबर असताना त्यांनी भर रस्त्यात रिक्षा थांबवली. चालवणारा पोरगा पाया पडायला उतरला.

"अरे, त्या दिवशी वाडीत वैशाली बरोबर होती. तो दगड छापीलच आहे. चूक माझी."

पोरगा गोंधळला. "कोण वैशाली, सर?"

"तुमच्या वर्गातली. सोनवणे."

"हां, असेल," तो म्हणाला. "कुठं सोडू तुम्हाला? बसा ना."

बहुतेकांचं असंच. त्यांना सरबत आठवायचं. सर तरीही सांगायचे आणि प्रत्येकाला बजावायचे, "आण्णाले सांगजो नको." आण्णांना मात्र सांगू नकोस. काही महिन्यांनी वैशालीचा मला फोन आला. "मॅडम, सर कुणाकुणाला सांगतायत? काल भाजी घेताना आमच्या वर्गातल्या मितेशनं मला सांगितलं, तू बरोबर होतीस म्हणे. सरांना म्हणावं, आता पुरे." बोलता बोलता ती हसली.

मी सरांना निरोप दिला. ते म्हणाले, "अजून सगळे झाले नाहीत."

सरांना मी शेवटचं पाहिलं ते माझ्या पुतण्याच्या लग्नात, त्याच वाडीत. ते काठी टेकत आले होते, खूप वाळले होते. जेवणाला वेळ होता. आण्णाही आले होते, पंचाऐंशीच्या घरातले, कानानं कमी. लग्नाला आलेली पोरं चौथऱ्याभोवती पळापळी खेळत होती आणि आण्णा फडक्यानं तो दगड पुसत होते. मला वाटतं, ते रोज पुसायचे.

एका पोरानं विचारलं, "आजोबा, ये क्या है?"

आण्णांनी इकडं तिकडं पाहिलं, त्यांना सर दिसले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "सर! अठे या. सांगा बरं ह्या पोरेसले, काय से हाई."

माझ्या हातात अक्षतांचं ताट होतं. मी जागीच थांबले. सर काठी टेकत चौथऱ्यापर्यंत गेले. दगडावर हात ठेवला. बोटानं जरा घासला आणि बोट धोतराला पुसलं.

"हे किरणनं आणलंय," ते पोरांना म्हणाले. "आण्णांच्या मुलानं. कच्छहून. एकट्यानं ट्रकमध्ये चढवलं, हाताची सालं निघाली त्याची. माझ्यासाठी आणलं."

पोरं आणखी काही ऐकायला थांबली. सरांनी पुढे काही सांगितलं नाही. बाहेर बँड वाजायला लागला आणि पोरं तिकडं धावली.

आण्णांचे डोळे भरून आले होते. "सालं निघनी व्हती?" त्यांनी विचारलं. "माले नही सांगं त्यानी."

"निघाली होती. दोन्ही हातांची."

आण्णा चौथऱ्याच्या कडेला बसले आणि त्यांनी सरांना हाताला धरून शेजारी बसवलं. मग ते किरणबद्दल सांगायला लागले. ट्रक घेऊन गल्लीत शिरला की हॉर्न कसा वाजवायचा, आईला घाबरवायला. लग्नासाठी पोरगी बघायला गेला तेव्हा एकाच पायात मोजा घालून कसा गेला. मला आतून हाका येत होत्या, वरात दाराशी आली होती. जाताना मी वळून पाहिलं. दोघे म्हातारे त्या दगडाकडं पाठ करून बसले होते. सरांनी कान आण्णांच्या तोंडाजवळ नेला होता आणि आण्णा जरा थांबले की ते हळूच म्हणत होते,

"मंग?"